गार पाण्याची लाईन

आईंना आंघोळ घालायची वेळ म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाचा सुमार. तोवर हे डबा घेऊन छापखान्यात गेलेले असायचे, ओट्यावरचा पसारा आवरलेला असायचा आणि बाथरूमच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप फरशीवर उतरायची. त्या तिरिपेत मी प्लास्टिकची खुर्ची मांडायचे, आईंच्या काखेत हात घालून त्यांना उठवायचे आणि एकेक पाऊल टाकत आत आणायचे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. बाकी डोकं लख्ख, कान तिखट आणि जीभ कानांहून तिखट.

"हळू. पोतं नाही मी," त्या म्हणायच्या.

"पोतं असतं तर हमाल बोलावला असता."

"बोलाव की. तेवढंच घरात कुणी नवं माणूस दिसेल."

आईंचं हाड मोडायच्या आधी मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासायचे. एकदा आलेला आकडा खरा मानायचा नाही, दुसऱ्यांदा तोच आला तर सही करायची, अशी तिथली शिस्त होती. मी रजा घेतली, रजा संपली, मग नोकरीही संपली. त्याबद्दल कुणावर राग नव्हता. रागवायलाही अंगात त्राण लागतं. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा आणि जाग आली की आधीपेक्षा जास्त दमल्यासारखं वाटायचं. हे संध्याकाळी यायचे तेही शाईनं हात काळे करून, पाठ धरून. आम्ही दोघं एकमेकांना "जेवलीस का", "औषध दिलं का" एवढंच विचारायचो.

अशात शॉवर बिघडला.

आमचा हॅंडशॉवर होता, लवचीक नळीचा. आईंना बसवून अंग धुवायला तोच सोयीचा. एकसारखी पडणारी धार मध्येच बारीक व्हायला लागली, मग पुन्हा जोर धरायची. हातातला शॉवर पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा हिसके द्यायचा. आणि हे थांबता थांबता भिंतीतून आवाज यायचा, ठक्क. पाइपवर कुणी हातोडी मारावी तसा. फरशीतून तो तळपायांना जाणवायचा.

सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं. घरात दुर्लक्ष करण्यासारख्या गोष्टी रांगेत उभ्या होत्या, ही सर्वांत मागची. पण एक दिवस गार पाण्याचा जोर अचानक गेला, नुसतं गरम आलं आणि आईंचा खांदा भाजला. त्या ओरडल्या नाहीत. माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "आज चुकून झालं. उद्या मुद्दाम केलंस असं वाटेल मला. दुरुस्त करून घे."

त्या दिवशी मी खांद्याला मलम लावताना रडले. त्यांच्या पाठीमागे उभी होते म्हणून बरं.

आमच्या भागातल्या प्लंबरला सगळे डॉक्टर म्हणतात. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला लावतो आणि मूठ कानाला, म्हणून. उतारवयाचा, गुडघे धरलेला माणूस. जिना चढून आला तो आधी पायरीवर बसला, पाणी प्यायला, मग कामाला लागला.

"वहिनी, पाइप वाजतो त्याची कारणं ठरलेली असतात," तो म्हणाला. "क्लॅम्प ढिले झाले की पाइप भिंतीत आपटतो. वॉशर झिजला की फडफडतो. लाईनीत हवा धरली की धार अशी धापा टाकते. नाहीतर जोरात वाहणारं पाणी कुणी एकदम अडवलं, की ते मागं येऊन धडकतं."

त्यानं हे सगळं बघितलं. नळांचे वॉशर बदलले, गरम-गार पाण्याचा मिक्सर उघडून साफ केला, गीझरचा वॉल्व्ह तपासला, सगळे नळ उघडे ठेवून लाईनीतली हवा काढली. दोन फरश्या काढून पाइप नव्या क्लॅम्पनं आवळला. शॉवर सोडून दाखवला. धार काचेच्या कांडीसारखी सरळ पडत होती.

दुसऱ्या दिवशी आईंना खुर्चीवर बसवलं, पाणी सोडलं आणि धार बारीक झाली. मग ठक्क.

डॉक्टर पुन्हा आला तेव्हा त्यानं दाब मोजायचं काट्याचं घड्याळ आणलं होतं. ते गार पाण्याच्या नळाला जोडलं. आमचं घर वरच्या मजल्यावर. खाली गाद्यांचं गोदाम, तिथं पाण्याची जोडणीच नाही. गच्चीवरची टाकी फक्त आमची. त्यानं स्वयंपाकघराची आणि संडासाची लाईन वरून बंद केली. घरात पाणी यायला एकच वाट उरली, बाथरूमची. मी त्याच्या सांगण्यावरून शॉवर जरासा सोडला आणि आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे राहिलो.

काटा खाली सरकला. तिथं थांबला. एक बादली भरायला लागतो तेवढा वेळ थांबला. मग भिंतीतून ठक्क आवाज आला आणि काटा टुणकन वर गेला.

डॉक्टरनं नाकावरचा घाम पुसला. "कुणीतरी नळ उघडतंय आणि बंद करतंय."

"कुठला नळ? घरात उघडा नळ हाच एक आहे."

"तेच म्हणतोय मी."

तो गच्चीवर जाऊन आला. टाकीतलं पाणी खाली गेलेलं होतं. म्हणजे पाणी खरंच कुठंतरी जात होतं. पण भिंतीला ओल नाही, गोदामाच्या छताला डाग नाही, मोरीच्या पाइपात थेंब नाही.

"बादली भरतायत ते," आतल्या खोलीतून आई म्हणाल्या.

आम्ही दोघं दारात गेलो. त्या छताकडे बघत पडल्या होत्या.

"कोण आजी?" डॉक्टरनं विचारलं.

"कोण ते मला काय ठाऊक? मी इथं पडून ऐकते रोज. बाथरूमची भिंत माझ्या उशाशी आहे. नळ सुटतो, बादली भरते, नळ बंद होतो. मग तांब्या बुडतो. मग मोठा खंड पडतो, तो साबण लावायचा. स्वतः आंघोळ करणारं माणूस एवढं थांबत नाही. दुसऱ्याला घालताना असं होतं. एका हातानं धरायचं, एका हातानं ओतायचं." त्या माझ्याकडे वळल्या. "तू घालतेस ना मला, तशी."

डॉक्टर हसला. मीही हसले. पण हत्यारं गोळा करताना तो बाथरूमच्या भिंतीकडे पाठ करत नव्हता.

एकदा आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी डॉक्टरचा एक जुना स्क्रूड्रायव्हर मागून घेतला. पुढचे काही दिवस आईंना आंघोळीला आणायच्या आधी मी शॉवर थोडा सोडून भिंतीशी बसायचे, टोक पाइपला आणि मूठ कानाला. आई बोलल्या त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. नळ, बादली, तांब्या. खंड. पुन्हा तांब्या. मी एके दिवशी मुद्दाम उशीर केला. पलीकडंही उशीर झाला. मी दुपारी पाणी सोडलं, तेव्हा दुपारी बादली भरली. आईंना ताप आला म्हणून दोन दिवस आंघोळ टाळली, तर तेवढे दिवस भिंत मुकी होती.

रविवारी मी यांना तिथं बसवलं. यांनी ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"हवा असेल," हे म्हणाले.

"हवा तांब्या बुडवते?"

"मला झोपायचंय गं," असं म्हणून हे आत गेले. पण त्या दिवसापासून यांनी आंघोळ छापखान्यातच उरकायला सुरुवात केली.

शेवटी डॉक्टरनं भिंत फोडली. मिक्सरच्या खाली, कोपऱ्याजवळ, गार पाण्याच्या पाइपला एक टी, म्हणजे फाटा फोडणारा जोड, निघाला. एक तोंड वर शॉवरकडे जाणारं, आणि दुसरं आडवं, बाहेरच्या भिंतीत शिरणारं. ती भिंत एका विटेची. तिच्यापलीकडे काही नव्हतं. खाली गल्ली होती, विजेचा खांब होता आणि मध्ये नुसती हवा होती. डॉक्टरनं शिडी लावून बाहेरून गिलावा ठोकून बघितला. सलग होता, कुठं जोड नव्हता, भेग नव्हती.

गच्चीवरून पाणी बंद करून त्यानं आडवा पाइप कापला आणि तोंडातून तार आत सारली. तार भिंतीची जाडी संपली तरी जात राहिली. त्याच्याजवळची सगळी तार आत गेली. कुठं अडली नाही.

त्यानं ती ओढून घेतली. आणि तारेमागून पाणी आलं.

गच्चीवरचं पाणी बंद होतं. हे पलीकडून आलं. कोमट होतं, पांढुरकं, फेसाळ. त्याला औषधी साबणाचा वास होता, आमच्या घरात नसलेल्या साबणाचा. तारेच्या टोकाला एक लांब पांढरा केस गुंडाळलेला होता.

डॉक्टरनं तार गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "इथं कॉक टाकून देतो. बंद राहील. उघडू नका."

त्यानं पाइपाच्या कापलेल्या जागी कॉक बसवला, दांडा आडवा केला. भिंत बुजवायला नंतर कधीतरी येतो म्हणाला. एरवी काम झालं की तो आमच्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुवायचा आणि चहा मागायचा. त्या दिवशी तसाच खाली गेला. मी खिडकीतून बघितलं, तर तो गल्लीच्या तोंडाच्या सार्वजनिक नळावर हात धूत होता. धूतच होता.

शॉवर नीट झाला. धार सरळ, पाणी हवं तेवढं गरम, भिंत गप्प. मला हलकं वाटायला हवं होतं. पण आईंनी आंघोळीला यायला नकार दिला.

"नको वाटतंय," त्या म्हणाल्या.

"खांदा बरा झालाय आता. पाणी नाही भाजणार."

"पाण्याचं नाही गं." त्यांनी उशाशी भिंतीवर हात ठेवला. "तिकडं कुणीतरी ओल्या अंगानं बसलंय. साबण लावून झालाय आणि पाणी येत नाही."

मी चिडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी आईंवर आवाज चढवला. म्हटलं, इथं मी एकटी मरमर मरतेय, आणि तुम्हाला भिंतीतल्या माणसांची काळजी. माझ्या पाठीला कोण पाणी घालतंय का? त्यांनी भिंतीवरचा हात काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तीही हेच म्हणत असेल."

मी त्यांना जबरदस्तीनं नेलं. अंग धुतलं. आणि पाणी बंद केल्यावर मला ऐकू आलं.

भिंतीवर कुणी तळहात मारत होतं. ओला तळहात. जोरात मारत नव्हतं. आतून कडी लावून बसलेल्या माणसाला बाहेरच्यानं हाक मारावी, आणि हाक मारून मारून दमावं, तसं.

चौथ्या दिवशी मारही थांबला. त्या जागी काहीच उरलं नाही. ती शांतता मला त्या आवाजापेक्षा वाईट वाटली.

मी कॉकचा दांडा सरळ केला.

पाणी आत गेलं. पाइप थरथरला. खूप वेळ पाणी जात राहिलं, एका बादलीपेक्षा कितीतरी जास्त. मग ठक्क. पण हळू. या वेळी नळ सावकाश बंद केला होता. माझ्या हातातली धार जेमतेम हलली.

त्यानंतर आमची घडी बसली. तिकडची बादली भरली की मी आईंच्या अंगावर पाणी घालायचे. तिकडं साबणाचा खंड पडला की इकडं मी केस धुवायचे. पाणी पुन्हा भाजलं नाही. आई खुर्चीत बसून भिंतीकडे बघत गुणगुणायच्या. मधूनच म्हणायच्या, "आज त्यांची घाई दिसतेय," नाहीतर, "आज तीही दमलीय बघ." मला त्या वेळात एकटं वाटायचं नाही, हे मी यांना कधी सांगितलं नाही. सांगून यांनी काय केलं असतं?

थंडी संपता संपता आई गेल्या. पहाटे, झोपेत. कुणालाही त्रास न देता. येणारेजाणारे सगळे मला म्हणाले, तू फार केलंस त्यांचं. आता विश्रांती घे.

माणसांची ये-जा संपल्यावर मी त्यांचा पलंग दुमडला, उरलेली औषधं दवाखान्यात देऊन आले. बाथरूममध्ये जाऊन कॉकचा दांडा आडवा केला. गीझरची पिन काढून ठेवली. मला गरम पाण्याची गरज वाटत नव्हती. भिंतीतून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, तिकडचंही संपलं असेल. तिलाही आता निवांत झोप लागत असेल.

मला मात्र झोप लागेना. काम उरलं नव्हतं तरी थकवा जागचा हलला नव्हता. उलट काम गेल्यावर तो मोकळा झाला आणि घरभर पसरला. उठायचं, यांचा डबा करायचा आणि मोकळ्या खोलीत उंबऱ्याशी बसून राहायचं. केस विंचरायचं राहून जायचं. कपडे बदलायचे राहून जायचे.

"आंघोळ तरी करून घे गं," एकदा निघताना हे दारातून म्हणाले.

"करते."

हे गेले. मी बसून राहिले. उन्हाची तिरीप बाथरूमच्या फरशीवर येऊन सरकली.

मग नळ सुटला.

मी आत गेले. कॉक बंद होता. दांडा आडवाच होता. पाइप थरथरत होता. बादली भरली आणि नळ हळूच बंद झाला.

मी तांब्याची वाट बघितली.

तांब्या बुडला नाही.

पाणी काढून ठेवलं होतं आणि कुणी अंगावर घेत नव्हतं. मी भिंतीला कान लावला. आत कुणीतरी अगदी शांत उभं असल्यासारखं वाटलं. श्वास ऐकू येत नव्हता. पण दुसरं माणूस थांबलंय हे जसं आपल्याला न बघता कळतं, तसं कळत होतं.

वेळ गेला. ऊन भिंतीवर चढलं. माझ्या पायांना रग लागली.

मग दुसरा पाइप वाजला. गरम पाण्याचा. तो आजवर कधी वाजला नव्हता, आणि त्याला टी नव्हता. मी त्याच्यावर हात ठेवला. गीझरची पिन भिंतीपासून लांब लोंबत होती आणि पाइप गरम होता. हाताला सोसेल एवढा. मी आईंसाठी काढायचे तेवढा.

पलीकडं माझी वाट बघता बघता पाणी निवत चाललं होतं, म्हणून कुणीतरी त्यात गरम घालत होतं.

मी बाल्कनीत गेले. दोरीवरचा टॉवेल काढला. परत येता येता केस सोडले.